शाळेचं वाचन, माझं वाचन

माझ्या भाचीच्या दप्तरात दोन पुस्तकं असायची. एक पातळ, मागच्या बाजूला फिरोजी रंगाचं गोल लेबल चिकटवलेलं. दुसरं जाडजूड, कोपरे मुडपलेलं, रोआल्ड डालचं ‘मटिल्डा’. भाची सात वर्षांची, इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातल्या शाळेत दुसरीत. गेल्या जून-जुलैत मी धाकट्या बहिणीकडे राहायला गेले होते, तेव्हा संध्याकाळी लेकीचं वाचन ऐकायचं काम बहिणीने माझ्याकडे सोपवलं. पातळ पुस्तक भाचीने पाच मिनिटांत संपवलं, वर न बघता, वरणभातातलं नको असलेलं गाजर आधी गिळून टाकावं तसं. मी वाचनाच्या वहीत तारीख घालून सही केली. लगेच ती जाडं पुस्तक घेऊन सोफ्यावर आडवी झाली.

“हे नाही का वहीत लिहायचं?” मी विचारलं.

“नाही मावशी. ते शाळेचं वाचन. हे माझं वाचन.”

गंमत म्हणजे ‘मटिल्डा’ ही अशाच एका मुलीची गोष्ट आहे. १९८८ साली आलेल्या या पुस्तकातली चिमुरडी गावच्या वाचनालयातली मुलांची सगळी पुस्तकं संपवते आणि मग मोठ्यांचं काहीतरी द्या म्हणते. वाचनालयाच्या बाई वयाचा हिशोब न करता तिच्या हातात डिकन्सची कादंबरी ठेवतात. हे पुस्तक घरी वाचणारी माझी भाची शाळेत मात्र फिरोजी रंगावर होती.

या रंगांचा एक जिना असतो. गुलाबी, तांबडा, पिवळा, निळा, हिरवा, नारिंगी, फिरोजी, जांभळा, सोनेरी, पांढरा आणि शेवटी लिंबाच्या सालीसारखा पोपटी. शाळेगणिक वरच्या पायऱ्या थोड्या बदलतात, पण इंग्लंडमधल्या बहुतेक प्राथमिक शाळांत जिना हाच. सगळ्या पायऱ्या चढून गेलेल्या मुलाला म्हणतात ‘फ्री रीडर’. म्हणजे तोवर ते मूल मोकळं नव्हतं, हे ओघानेच आलं. शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघत उभ्या असलेल्या आया एकमेकींना हळूच विचारतात, “तुमची कुठल्या रंगावर?” दहावीच्या निकालादिवशी आपल्याकडे ‘किती पडले?’ विचारतात ना, सूर अगदी तोच.

सहज वाचू लागलेल्या मुलाला या जिन्यावर किती काळ ठेवायचं, यावर तिकडे पालक आणि शिक्षक वर्षानुवर्षं हुज्जत घालत आले आहेत. मी भाचीच्या बाजूने तावातावाने भांडायला उतरले खरी, पण जिना कुणी आणि का बांधला हे वाचत गेले, तसा आवाज जरा खाली आला.

सुरुवात इंग्रजी स्पेलिंगपासून करायला हवी. दो, थ्रू, टफ, कफ या चारही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं येतात, ओ-यू-जी-एच, आणि उच्चार चार तऱ्हांचे. युरोपातल्या तेरा भाषांमधल्या मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक भाषांतली मुलं शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर साधे शब्द नीट वाचत होती. तेवढ्याच मजलेला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना दुपटीहून जास्त काळ लागत होता. एवढ्या खडबडीत वाटेवर पोराला एकटं सोडवत नाही. कुणाला तरी वाटेत दगड मांडून द्यावेच लागतात.

ते दगड मांडताना इंग्लंडने एक मोठी चूकही करून बघितली. १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याने ‘निकालावर पैसे’ अशी नियमावली आणली. मुलांच्या सहा ‘स्टँडर्ड’ ठरल्या. पहिलीत एका दमात उच्चारता येतील अशा सोप्या शब्दांची गोष्ट वाचायची, सहावीत वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद. इन्स्पेक्टर येऊन परीक्षा घेणार, आणि वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल त्या प्रत्येकामागे शाळेच्या अनुदानातून दोन शिलिंग आठ पेन्स कापले जाणार. मग जे व्हायचं तेच झालं. वर्षभर एकच वाचनपुस्तक घोटलं गेलं, मुलांनी ते तोंडपाठ केलं आणि इन्स्पेक्टरसमोर घडाघडा म्हणून दाखवलं. कवी मॅथ्यू आर्नल्ड पोटासाठी शाळा-इन्स्पेक्टरची नोकरी करत असे. तो सरकारी अहवालांतून सांगत राहिला की ठरलेलं पुस्तक वाचता येणं म्हणजे वाचता येणं नव्हे. ही पद्धत मोडीत निघायला तरी १८९० चं दशक उजाडलं.

विसाव्या शतकात दगड मांडण्याचं काम प्रकाशकांनी हाती घेतलं. वाचनपुस्तकांच्या मालिका आल्या: अमेरिकेत डिक आणि जेन, ब्रिटनमध्ये १९४९ पासून जॅनेट आणि जॉन, १९६४ पासून लेडीबर्डचे पीटर आणि जेन. हे शेवटचे दोघे आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या घरांतही पोचले होते. त्यांच्यामागचं गणित मोठं चलाख होतं. विल्यम मरे आणि जो मॅकनॅली या दोघा शिक्षणतज्ज्ञांनी शब्द मोजले. त्यांच्या हिशोबाने आपण जे इंग्रजी वाचतो-लिहितो, त्याचा पाव हिस्सा अवघ्या बारा शब्दांनी व्यापलेला असतो, निम्मा शंभर शब्दांनी आणि पाऊण हिस्सा तीनशे शब्दांनी. मग हे तीनशे शब्द आधी पक्के करू, ते पुन्हा पुन्हा येतील अशी छत्तीस पुस्तकं लिहू! गणित बरोबर होतं. पण ज्या पाव हिश्शात गोष्ट असते, म्हणजे ‘राक्षस’, ‘भोपळा’, ‘चोर’ असे शब्द असतात, तोच बाजूला राहिला. पीटर चेंडू बघतो, जेन चेंडू बघते, आणि वाचणारं मूल खिडकीबाहेर बघतं.

अमेरिकेत हे आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. जॉन हर्सी या लेखकाने १९५४ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात लिहिलं की शाळेच्या या गुळगुळीत, गोड-गोड पुस्तकांमुळेच मुलं वाचायला कंटाळतात. डॉक्टर स्यूससारख्या कल्पक चित्रकारांना का बोलावत नाही? एका प्रकाशकाने ते मनावर घेतलं. डॉक्टर स्यूसने मोजके शब्द पुढ्यात घेतले, त्यांच्याशी महिनोन्महिने झटापट केली आणि १९५७ साली टोपीवाल्या मांजराचं पुस्तक आणलं. त्यात वेगवेगळे शब्द फक्त २३६. मोजून-मापून लिहिलेलं पुस्तक नीरसच असतं असं नाही, हे त्या मांजराने दाखवून दिलं. मापाला हुशार शिंपी मिळाला पाहिजे, एवढंच.

ब्रिटनला असा शिंपी मिळाला तो १९८० च्या दशकाच्या मध्यावर. रॉडरिक हंट नावाच्या माजी शिक्षकाने बिफ, चिप आणि किपर ही भावंडं आणि फ्लॉपी हा कुत्रा उभा केला, त्यांच्या हाती एक जादूची किल्ली दिली. ‘ऑक्सफर्ड रीडिंग ट्री’ या नावाने ही पुस्तकं ब्रिटनभर पसरली. चित्रं अलेक्स ब्रिख्टाची. प्रागचा हा मुलगा १९६८ साली रशियन रणगाडे आल्यावर कुटुंबाबरोबर इंग्लंडला आला होता. त्याला एक खोड होती: चित्रात कुठेतरी एक चष्मा लपवून ठेवायचा. वाक्य जेमतेम चार शब्दांचं, पण चष्मा सापडेपर्यंत मूल पान उलटत नाही. ज्याला अक्षरं सोपी झाली त्यालाही काहीतरी काम उरतं. मला विचाराल तर अख्ख्या योजनेतली सर्वांत शहाणी गोष्ट तो चष्मा आहे.

आता ते रंग. मला वाटत होतं, रंग म्हणजे कुण्या अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेली शिस्त असणार. निघालं उलटंच. १९७० च्या दशकात क्लिफ मून नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने एकाच प्रकाशकाच्या मालिकेला मुलांना जुंपण्याविरुद्ध आवाज उठवला. बाजारातली तऱ्हेतऱ्हेची गोष्टींची पुस्तकं घ्या, साधारण अवघडपणानुसार त्यांना रंगीत ठिपके लावा, आणि त्या रंगाच्या टोपलीतून मुलाला आपल्या मनाने पुस्तक उचलू द्या, असं तो सांगत होता. म्हणजे रंग आला तो निवडीच्या सोयीसाठी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या शिक्षणसंस्थेत वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी ‘बुक बँड’ ची यादी केली, ती शिक्षकांना गटवाचनासाठी पुस्तक शोधायला. पुढे टोपली आकसत गेली आणि पुस्तकावरचा ठिपका मुलावर येऊन बसला. ‘हे फिरोजी पुस्तक’ याचं ‘ही फिरोजी मुलगी’ झालं.

(हा क्लिफ मून ज्या शहरात काम करत होता, त्याचं स्पेलिंग इंग्रजीतल्या ‘वाचन’ या शब्दासारखंच आहे. पण रीडिंग म्हटलंत तर स्टेशनवरचा माणूस हसेल. गावाचं नाव रेडिंग. इंग्रजी वाचायला शिकणं अवघड का, याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.)

पण ‘अवघडपणा’ मोजायचा कसा? सर्वांत प्रचलित माप एमेट बेट्स या अमेरिकन अभ्यासकाने १९४६ साली मांडलं. शंभरातले नव्व्याण्णव शब्द मूल बिनचूक वाचत असेल तर पुस्तक त्याला एकट्याने वाचण्याजोगं. पंच्याण्णव वाचत असेल तर शिक्षकाच्या मदतीने शिकण्याजोगं. नव्वदच्या खाली गेलं की नुसती दमछाक. शिकाऊ वाचकासाठी हे माप कामाचं आहे. दर दहा शब्दांत एकदा ठेच लागली तर गोष्टीचा धागा सुटणारच. पण एकाच मुलाचा आकडा पुस्तकागणिक बदलतो, ही गोष्ट या मापात कुठे धरायची?

अमेरिकेत १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी एक छान प्रयोग केला. सातवी-आठवीतल्या चौसष्ट मुलांचे चार गट केले: वाचन चांगलं आणि बेसबॉल कळतो, वाचन चांगलं पण बेसबॉल कळत नाही, वाचन कच्चं पण बेसबॉल कळतो, दोन्ही नाही. सगळ्यांना बेसबॉलच्या एका सामन्याचा उतारा वाचायला दिला. तो कुणाला किती समजला? वाचनात कच्च्या पण खेळ जाणणाऱ्या मुलांनी, वाचनात पक्क्या पण खेळातलं काही न कळणाऱ्या मुलांना मागे टाकलं. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट घाला. धडा वाचताना अडखळणारा पोरगा सामन्याची बातमी ‘गुगलीवर पायचीत’ सकट गिळतो, आणि वर्गातली पहिली आलेली मुलगी तिथे थबकते. आता यांतल्या कुणाला कोणत्या रंगावर ठेवायचं?

मग संगणक आले आणि मोजणी त्यांच्याकडे गेली. वाक्यं किती लांब, शब्द किती मोठे नि किती विरळ, यावरून पुस्तकाला आकडा द्यायचा. ‘अ‍ॅक्सिलरेटेड रीडर’ या अमेरिकन पद्धतीत मुलाला एक टप्पा ठरवून देतात. त्यातलं पुस्तक वाचायचं, संगणकावर प्रश्नमंजूषा सोडवायची, गुण मिळवायचे. ब्रिटनमध्येही ती पुष्कळ शाळांत आहे. २०१९ साली तिथल्या वर्तमानपत्रांना या आकड्यांत एक रत्न सापडलं. रॉजर हारग्रीव्ह्सच्या ‘मिस्टर ग्रीडी’ या खादाड गोलमटोल गृहस्थाच्या चिमुकल्या चित्रपुस्तकाला अवघडपणाचा आकडा होता ४.४. स्टाइनबेकच्या ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीला ४.९. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची ती कहाणी आणि हा खादाड, दोघे शेजारी-शेजारी! यंत्राचा यात काही दोष नाही. त्याला वाक्याची लांबी मोजायला सांगितली, त्याने मोजली. वाक्याची खोली मोजायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून जमलंही नसतं.

गुणांचीही एक गंमत आहे. स्टॅनफर्डच्या बालवाडीत १९७३ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी ठशाचं प्रशस्तिपत्र मिळेल. मुलांनी चित्रं काढली, बक्षीस घेतलं. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा वर्गात रंगीत पेनं ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर काढणाऱ्या मुलांनी त्यांना इतरांच्या मानाने निम्माच वेळ दिला. जे आवडीने चाललं होतं ते आता मजुरीचं काम झालं होतं. ज्याला पुस्तकाची गोडीच नाही त्याला गुणांचं गाजर उपयोगी पडेलही कदाचित, पण ज्याला गोडी आहे त्याच्यापुढे ते धरणं हा उलटा उद्योग आहे.

एवढी शिदोरी बांधून मी बहिणीला म्हटलं, चल, शाळेत जाऊन बोलू. भाचीच्या वर्गशिक्षिका तिशीतल्या, कपाळावर आठी नाही, आवाज थकलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, की ती फार छान वाचते, पण थांबत नाही. वाचलेल्यातलं काय कळलं विचारलं की पान पुन्हा वाचून दाखवते.

त्या संध्याकाळी मी गुपचूप परीक्षा घेतली. ‘मटिल्डा’ मधल्या एका प्रकरणाबद्दल विचारलं, आणि बाई अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. काही जागा भाचीने नुसत्या पार केल्या होत्या, चिखल ओलांडतात तशा, टाचा उचलून. पण मुख्याध्यापिका ट्रंचबुल पोरींना वेणीला धरून कशी गरगरा फिरवते, हे तिने मला साभिनय सांगितलं, फुलदाणी पडता पडता वाचली. कळलं नव्हतं म्हणायचं की कळलं होतं?

माझं उत्तर असं, की तिला हवं तेवढं कळलं होतं. फ्रेंच लेखक दानियेल पेनाक अनेक वर्षं शाळेत शिकवत होता. त्याने १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले. पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट टाकण्याचा, तेच पुन्हा वाचण्याचा, काहीही वाचण्याचा, आणि पहिलाच हक्क मुळी न वाचण्याचा. आपण मोठी माणसं हे सगळे हक्क रोज बजावतो. अर्धवट सोडलेली किती जाडजूड पुस्तकं आपल्या उशाशी असतात! त्याबद्दल वहीवर सही मागायला कुणी येत नाही.

तरी बाईंची अडचण खोटी नव्हती. वर्गात तीस मुलं. कुणाच्या घरी भिंतभर पुस्तकं, कुणाच्या घरी शाळेच्या दप्तरातून येतं तेवढंच पुस्तक. या दुसऱ्या मुलासाठी रंगाची टोपली हेच वाचनालय असतं. ‘आवडेल ते वाच’ म्हणून त्याला सोडलं, तर ते आवडेल असं काही त्याने कधी पाहिलेलंच नसतं. निवडायला आधी ओळख लागते. शिवाय सरकारी तपासणीत प्रत्येक मुलाची प्रगती दाखवावी लागते, आणि रंग दाखवता येतो. सोफ्यावर आडवं पडून हसणारं मूल तक्त्यात दाखवता येत नाही.

इंग्लंडच्या सरकारनेही अक्षरओळखीवरच भर दिला आहे. २०१२ पासून पहिलीच्या अखेरीला प्रत्येक मुलाला चाळीस शब्द वाचायला देतात, त्यांतले वीस खरे आणि वीस बनावट, अर्थच नसलेले, जेणेकरून मूल अंदाज न बांधता अक्षरं जोडून वाचतं की नाही ते कळावं. चांगली वाचणारी काही मुलं इथेच फसतात, अशी तक्रार शिक्षक करत आले आहेत. बनावट शब्द दिसला की त्याला ती एखाद्या खऱ्या शब्दासारखं करून टाकतात. अर्थाशिवाय वाचायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही! पण पाया पक्का होतो हेही खरं. २०२१ च्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचनचाचणीत इंग्लंडची नऊ-दहा वर्षांची मुलं जगात चौथी आली. त्याच चाचणीत ‘वाचायला खूप आवडतं’ म्हणणारी मुलं मात्र २९ टक्केच निघाली. जगाची सरासरी ४२. आणि ब्रिटनच्या ‘नॅशनल लिटरसी ट्रस्ट’ च्या २०२५ च्या पाहणीत आठ ते अठरा वर्षांच्या मुलांपैकी ३२.७ टक्क्यांनाच फावल्या वेळात वाचायला आवडत होतं, वीस वर्षांतला सर्वांत खालचा आकडा. याचं खापर एकट्या रंगीत जिन्यावर फोडणं अन्यायाचं होईल. फोन आहेत, बंद पडलेली गावोगावची वाचनालयं आहेत. पण मुलं वाचायला शिकली आणि वाचनाकडे पाठ फिरवून बसली, ही गोष्ट जिना बांधणाऱ्यांना झोप लागू देणारी नाही.

आवडीने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या पाचवीच्या १५५ मुलांनी शाळेबाहेरचा आपला वेळ कुठे जातो याची रोज नोंद ठेवली होती. तो अभ्यासही १९८८ चाच. दहांतून एक निघावं अशी वाचणारी मुलं दिवसाला एकवीस मिनिटं पुस्तक वाचत. वर्षाला सुमारे अठरा लाख शब्द. मधल्या फळीतली मुलं साडेचार मिनिटं. दोन लाख ऐंशी हजार शब्द. तळाची मुलं वर्षभरात आठ हजार. एकवीस मिनिटं म्हणजे काही तपश्चर्या नव्हे. पण गिळून टाकायच्या पाच मिनिटांच्या पुस्तकाने ती भरत नाहीत. हातातलं पुस्तक खाली ठेववत नाही तेव्हाच भरतात. अर्थात जास्त वाचल्यामुळे वाचन सुधारतं की चांगलं वाचता येतं म्हणून जास्त वाचलं जातं, हे कोंबडी-अंड्याचं कोडं इथेही आहे. म्हणून रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रान्झन यांचा फ्लोरिडातला प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. गरीब घरांतल्या साडेआठशे मुलांना त्यांनी सलग तीन उन्हाळे, सुट्टी लागण्याआधी पुस्तकांची जत्रा भरवून, प्रत्येकी बारा पुस्तकं निवडू दिली. निवड पूर्णपणे मुलांची. प्रश्न नाहीत, वही नाही, सही नाही. तीन वर्षांनी ही मुलं पुस्तकं न मिळालेल्या मुलांच्या पुढे गेली होती, आणि जी अधिक गरीब होती त्यांचा फायदा अधिक होता. म्हणजे मोकळी निवड ही काही भिंतभर पुस्तकं असलेल्या घरांचीच चैन नव्हे. अट एकच, समोर जत्रा भरवावी लागते.

हे सगळं वाचताना मला आपलं गाव आठवत होतं. आमच्या लहानपणी जिना नव्हता, आणि गच्चीही नव्हती. पायरी म्हणजे इयत्ता, आणि पुस्तक म्हणजे बालभारती. नव्या पुस्तकांच्या वासासकट मराठीचं पुस्तक जूनच्या पहिल्या आठवड्यातच वाचून संपायचं, मग वर्षभर वर्ग त्याच्यामागून लंगडत यायचा. शाळेच्या वाचनालयाचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं, किल्ली ज्या गुरुजींकडे होती ते पुस्तक फाटेल म्हणून देत नसत. घरी ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’ यायचे. त्यांच्या पाठीवर कोणती पायरी ते लिहिलेलं नसे, आणि ते संपले की वडिलांच्या दिवाळी अंकांकडे मोर्चा वळायचा. त्यातलं काय कळलं? चिखल ओलांडला, दुसरं काय.

आता आपल्याकडेही पायऱ्या आल्या आहेत, आणि त्यांचं मला स्वागतच वाटतं. मराठीत अक्षरं उच्चाराशी बरीच इमानी असली तरी त्यांचा कुटुंबकबिला मोठा: बाराखडी, रफार, जोडाक्षरं. कन्नडमधल्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात हा सगळा पसारा आत्मसात व्हायला कित्येक वर्षं लागतात असं दिसलं. मराठी पसाराही त्याच घराण्यातला. ‘प्रथम बुक्स’ ही प्रकाशनसंस्था पुस्तकांवर एक ते चार अशा पायऱ्या छापते, आणि २०१५ पासून तिच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसकट अनेक भाषांतली तशी पुस्तकं फुकट वाचता येतात. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २००५ पासून गावोगावच्या मुलांना अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट वाचायला देतात. ती गोष्ट वाचता आली की पाहणीपुरता जिना संपला. खेड्यातल्या ज्या मुलीला ती गोष्ट दुसरीतच येते, तिला पुढे काय द्यायचं, हे सांगणारा तक्ता कुठेच नाही. तिथे तक्ता नकोच आहे. उघडं कपाट हवं आहे.

इंग्लंडमध्ये या भांडणातून एक समंजस वाट निघाली आहे. २०२१ च्या सरकारी मार्गदर्शिकेत शिकाऊ मुलासाठी दोन पुस्तकं सांगितली आहेत: एक, शिकलेल्या अक्षरांपुरतं, त्याने स्वतः वाचून दाखवायचं; दुसरं, घरी कुणीतरी वाचून दाखवायचं, नुसत्या आनंदासाठी, अवघड असलं तरी चालेल. आणि जी मुलं सहज वाचू लागली, त्यांना काही शिक्षक वेळेआधीच गुपचूप मोकळं करतात. भाचीच्या बाईंनी तसंच केलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वहीत निळ्या शाईने एक ओळ आली: आठवड्यातून एकदा शाळेचं पुस्तक, बाकी दिवस तिच्या मनाचं, पण त्यातल्या एका पानाबद्दल घरी गप्पा मारा. गप्पा, प्रश्न नव्हे. तो शब्द बाईंनी अधोरेखित केला होता. मला त्या बाई फार आवडल्या.

मोकळी झाल्यावर भाचीने पहिलं पुस्तक कुठलं उचललं? मला वाटलं होतं, आता हॅरी पॉटर. तिने धाकट्या भावाच्या दप्तरातलं बिफ-चिपचं तांबड्या रंगाचं पुस्तक काढलं आणि दोघं पोटावर पालथी पडून चष्मा शोधू लागली.

माझ्या परतीच्या आठवड्यात मी तिला फोनवर ‘स्टोरीवीव्हर’ वरची मराठी पुस्तकं दाखवली. घरी ती मराठी बोलते, लिहिता-वाचता मात्र येत नाही. मुळाक्षरं बहिणीने शिकवली होती, मात्रा अर्ध्यामुर्ध्या. पहिल्या पायरीचं एक पुस्तक आम्ही छापून, टाचून घेतलं. ‘मटिल्डा’ उड्या मारत वाचणारी पोरगी ‘पाऊस’ शब्दापाशी थांबली, ओठ हलवले, बोट ठेवलं, पुन्हा मागे गेली. चार ओळींना दहा मिनिटं. मी मदत करायला वाकले, तर मला कोपराने बाजूला सारलं.

पुस्तक संपल्यावर तिने विचारलं, “मावशी, मराठीत मी कुठल्या रंगावर?”

मी म्हटलं, “मराठीत रंग नसतात गं.”

हे काही तिला पटलं नाही. ती उठली, आईच्या ड्रेसिंग टेबलावरून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली, त्यातली एक गुलाबी टिकली काढून पुस्तकाच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात नीट दाबून बसवली. मी निघाले तेव्हा अशी पाच पुस्तकं झाली होती, पाचही गुलाबी, आणि बहीण टिकल्या कुठे गेल्या म्हणून घरभर शोधत होती.